सेकंडहँडची लाज

आमच्या घरात खोटे बोलण्याची पद्धत नाही. अपवाद फक्त कूलरचा.

वर्ध्याचा उन्हाळा ज्यांनी भोगलेला नाही त्यांच्यासाठी थोडा खुलासा करतो. एप्रिल लागला की आमच्याकडे पारा चाळिशीच्या खाली यायचे नाव घेत नाही. मे महिन्यात तो पंचेचाळीस ओलांडतो, आणि मग माणसाला बायको-मुलांपेक्षा कूलर जवळचा वाटू लागतो. पाहुणासुद्धा चपला काढता काढता आधी विचारतो, "कूलर कोणत्या खोलीत?" तब्येतीची विचारपूस नंतर, गार झाल्यावर.

तर आमचा कूलर मी सेवाग्रामच्या मेडिकल कॉलेजातल्या एका नव्या डॉक्टरकडून घेतला. पोरगा पास होऊन गावी निघाला होता. जाड पत्र्याचा कूलर, पंप चालू, मोटर बिनबोभाट, वर लोखंडी स्टँड आणि निघता निघता हाडांच्या रोगांवरचे एक पुस्तक फुकट. सगळे मिळून अठराशे रुपये. मी विजयी वीरासारखा मालवाहू ऑटोत कूलरशेजारी बसून घरी आलो. फाटकातच सौभाग्यवतीने प्रश्न केला, "शेजाऱ्यांनी पाहिलं का?"

तेव्हापासून ती आल्यागेल्याला सांगते, "मागच्याच वर्षी घेतला." हे वाक्य कोर्टात टिकेल. मागच्या वर्षी घेतला हे खरेच आहे. माझ्याआधी पाच वर्षे दुसऱ्याने वापरला एवढेच त्यात येत नाही. पण सत्याला पाय फुटतात म्हणतात. आमचे साडू पुण्याहून आले होते. सकाळी तोंडात ब्रश धरून ते मागच्या अंगणात फेऱ्या मारू लागले. कूलरची पाठ अंगणाकडे. त्या पाठीवर पांढऱ्या ऑइलपेंटने ठळक अक्षरांत लिहिलेले: 'रूम नं. १४. पाणी भरल्याशिवाय चालू केल्यास मार बसेल.' साडूंनी ब्रश बाहेर काढून विचारले, "हे काय हो?" आमच्या मंडळींनी स्वयंपाकघराच्या खिडकीतून तत्काळ उत्तर दिले, "कंपनीच्या सूचना आहेत."

मला राग आला तो खोटेपणाचा नव्हे. संसारात तेवढे चालते. राग आला तो लाजेचा. अठराशे रुपयांत चार माणसे गार झोपतात, यात लाजण्यासारखे काय आहे? त्याच साडूंनी आदल्या रात्री आमच्या कूलरच्या तोंडाशी गादी टाकून घेतली होती आणि पहाटे चादर मागितली होती. पण 'सेकंडहँड' हा शब्द कानावर पडताच मध्यमवर्गीय माणूस असा चेहरा करतो, की जणू त्याला कोणी दुसऱ्याचा दात लावायला दिला आहे.

मी या प्रश्नावर बरेच चिंतन केले आहे. (कूलर असल्यामुळे दुपारी चिंतन होते.) माझ्या असे लक्षात आले, की आपल्याला वापरलेल्या वस्तूचे वावडे मुळीच नाही. वावडे आहे ते स्वस्तात मिळालेल्या वापरलेल्या वस्तूचे. आजीची पैठणी सून नेसते तेव्हा ती वापरलेली साडी नसते, ती ठेव असते. सासूच्या पाटल्या मोडून केलेला हार वडिलार्जित असतो. दुसऱ्याने आठ वर्षे राहून भिंतींना खिळे मारलेला फ्लॅट घेतला, तर तो 'रीसेल' असतो. आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांनी जुनी मोटर घेतली. मी सहज म्हटले, "वा! सेकंडहँड का?" तर ते दुखावले. म्हणाले, "प्री-ओन्ड. सर्टिफाइड." आता मुंबईकडच्या मुलींनी याच्याही पुढे मजल मारली आहे. कोणाचे तरी जुने जाकीट घालून त्या 'प्री-लव्हड' म्हणतात. म्हणजे आधी कोणीतरी प्रेम केलेले! आमच्या हिने ज्या जुन्या पातळांचे पायपुसणे केले त्यांच्यावर तिने काय कमी प्रेम केले होते? 'विंटेज', 'अँटीक' हे तर बोलायलाच नको. किंमत वाढली की लाज आपोआप गळून पडते, असा हा एकूण प्रकार.

आणि हे सगळे कुठे चालले आहे? वर्धा जिल्ह्यात! गांधीजी १९३६ साली सेगावात राहायला आले, पुढे त्याचेच सेवाग्राम झाले. बापूकुटी आजही उभी आहे. माती, बांबू, कौले आणि आत एवढेसे सामान. त्या माणसाने आलेली पाकिटे उलटी करून त्यांच्या कोऱ्या बाजूवर मजकूर लिहिला. एका लहान मुलाने दिलेला पेन्सिलीचा बोटभर तुकडा हरवला तर घर पालथे घातले. ही हकीकत काकासाहेब कालेलकरांनी सांगितलेली आहे. आम्ही पाहुण्यांना सेवाग्राम दाखवायला नेतो, बापूकुटीपुढे दोन मिनिटे गंभीर उभे राहतो, आणि परतताना नव्या शोरूमच्या 'महासेल'मध्ये शिरतो. शाळेत आमच्या पिढीने तो पेन्सिलीचा तुकडा इतक्या वेळा निबंधात लिहिला, की त्यापायी किती नव्या पेन्सिली संपल्या असतील याचा हिशेब कोणी ठेवला नाही.

गांधीजींच्याच वस्तूंचे पुढे काय झाले तेही ऐका. २००९ च्या मार्चमध्ये न्यूयॉर्कला त्यांचा चष्मा, चपला, घड्याळ, वाटी आणि ताट यांचा लिलाव झाला. अठरा लाख डॉलर! घेतले कोणी? मद्याचे कारखानदार विजय मल्ल्या यांनी. आमच्या जिल्ह्यात गांधीजींच्या नावाने दारूबंदी आहे, हे जाता जाता सांगून ठेवतो. पुढे २०२० च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडात ब्रिस्टलला आणखी एक चष्मा निघाला. कोणीतरी तो साध्या पाकिटात घालून लिलाववाल्यांच्या टपालपेटीत सोडून गेला होता. पाकीट अर्धे बाहेर लोंबत होते. मालक म्हणाला, काही किमतीचा नसला तर फेकून द्या. त्याचे आले दोन लाख साठ हजार पौंड, म्हणजे सुमारे अडीच कोटी रुपये. सेकंडहँड चष्मा, नंबरही घेणाऱ्याचा नाही! आता हाच चष्मा आमच्या आठवडी बाजारात फडक्यावर मांडलेला असता, तर आमच्या हिने काडी वाकवून पाहिली असती आणि म्हटले असते, "कोणी घातलेला आहे कुणास ठाऊक. ठेव खाली."

हे मी कोणी साधुपुरुष म्हणून सांगत नाही. जुन्या वस्तूंच्या बाबतीत मी चांगलाच व्यसनी आहे, आणि व्यसनी माणसाला माल पारखता येतो. कूलरचेच घ्या. तो मे महिन्यात घेणाऱ्याला मी माणूस समजत नाही. मेमध्ये भाव दुप्पट असतो, कारण विकणाऱ्याला तुमच्या कपाळावरचा घाम दिसतो. घ्यावा तो मृगाचे दोन पाऊस पडल्यावर, नाहीतर थंडीत, लोक स्वेटर शोधत असताना. आधी टाकीचा तळ बोटाच्या पेराने वाजवावा; खणखण वाजला तर ठीक, बद्द वाजला तर गंजाने सडला समजावे. वरून नवा रंग असेल तर विशेष संशय घ्यावा. ताट्यांकडे पाहू नये, त्या दर वर्षी बदलाव्याच लागतात. पंखा हाताने फिरवून सोडावा. मोटर पुन्हा वाइंडिंग केलेली असली तर घाबरू नये. आमच्या गल्लीच्या तोंडाशी बसणारा मिस्त्री जी मोटर बांधून देतो ती बांधणाऱ्यालाही कंटाळा येईपर्यंत चालते.

लोखंडी कपाटासाठी बदल्यांचा मोसम धरावा. बँकेतला नाहीतर रेल्वेतला साहेब बदलून निघाला, की ट्रकमध्ये न मावणाऱ्या वस्तू त्याला अचानक नकोशा होतात. आमचे कपाट असेच मिळाले. त्याच्या आतल्या कप्प्यात साहेबांच्या मुलीची पाचवीची प्रगतिपुस्तके निघाली. ती मी नव्या गावी टपालाने पाठवली, गणिताचे गुण पाहून जरा वाईट वाटले.

आणि रद्दीचे दुकान! माझ्यापुढे एका बाजूला सराफा आणि दुसऱ्या बाजूला रद्दीचे दुकान ठेवा, मी वाकडा होऊन रद्दीत शिरेन. दाते आणि कर्वे यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश' १९३२ ते १९३८ या काळात सात भागांत निघाला. त्यातले सहा भाग मला आमच्या रद्दीवाल्याच्या तराजूशेजारी सापडले. छातीत धडधडू लागले, पण चेहरा कोरा ठेवून विचारले, "हे काय पडलंय?"

"कायचं काय साहेब," तो म्हणाला, "डिक्शनरी हाये मोठी. घेऊन जा सहाच्या सहा. कागद जुना हाये, पुड्यालेही येत नाही."

"तिसरा भाग कुठे आहे?"

"तो गेला असंन. काल चिवड्यावाला आला होता."

तेव्हापासून तिसऱ्या भागातले शब्द आमच्या घरात वापरले जात नाहीत. पण सहा भाग मी किलोच्या भावाने आणले, आणि इथे मला माझ्याच जातीच्या लोकांशी, म्हणजे स्वस्त शोधणाऱ्यांशी, भांडायचे आहे. त्या दिवशी मी दोन रुपये किलोमागे कमी करून मागितले होते. बँकेत तीस वर्षे नोकरी केलेला मनुष्य, पेन्शन खिशात, आणि दिवसभर उकिडवे बसून कागद तोलणाऱ्याशी दोन रुपयांसाठी हुज्जत! घरी येईपर्यंत मला विजय वाटत होता. पहिला भाग उघडला आणि बायकोला भाव सांगितला, तेव्हा ती म्हणाली, "शब्द स्वस्त झाले म्हणून बडबड वाढवू नका." तिला म्हणायचे होते वेगळे, मला टोचले वेगळे.

तीच बाई मात्र भांडेवालीशी काय करते ते पाहावे. पुण्याकडे हिला बोहारीण म्हणतात. जुने कपडे घ्यायचे आणि स्टीलचे भांडे द्यायचे, असा हा सगळा रोकड नसलेला व्यापार. टोपली डोक्यावर, गाठोडे पाठीवर, आणि उन्हात दारोदार हाक. दोन शर्ट, एक पँट, तीन साड्या पुढे टाकून आमची ही मध्यम गंज उचलते. भांडेवाली म्हणते, "बाई, पँट गुडघ्यात गेली. आणखी एक साडी टाका." मग पाऊण तास ते चालते. एवढ्या वेळात लोकसभेत विधेयक पास होते. शेवटी गंज मिळते, वर एक चमचा मिळतो आणि भांडेवाली पाणी मागते. पाणी पिऊन ती त्या गुडघ्यात गेलेल्या पँटला रफू करणार, धुऊन इस्त्री करणार, आणि ती पँट कोणाच्या तरी अंगावर सणाला चढणार. आपण टाकले म्हणजे संपले असे आपण समजतो; तिथून पुढे त्या कपड्यावर निदान तीन माणसे पोट भरतात. त्यांना घासाघिशीत हरवून आपण कॉलर ताठ करतो, आणि मॉलमध्ये छापील किमतीपुढे मुकाट्याने कार्ड काढून देतो. तिथे कोणी गुडघ्यापाशी ताणून पाहत नाही.

पण खरे सांगायचे तर यातले काहीच मी लिहिले नसते. लिहायला बसलो तो पुस्तकांमुळे.

माझे शिक्षण आर्वीला झाले. आम्ही भावंडे पाच, वडील शाळामास्तर. नवे पाठ्यपुस्तक ही वस्तू मी प्रथम दुकानाच्या काचेतून पाहिली. एप्रिलमध्ये निकाल लागला, की वरच्या वर्गातल्या पोरांच्या घरी आमच्या फेऱ्या सुरू होत. भाव ठरलेले असत. खाकी कव्हर घातलेले, कोपरे न दुमडलेले पुस्तक पाऊण किमतीला. नुसते धड असेल तर निम्म्या. पहिले आणि शेवटचे पान नसेल तर पाव. पहिल्या आलेल्या पोराच्या पुस्तकाला मागणी फार. त्यात महत्त्वाच्या ओळींखाली तांबड्या पेन्सिलीने रेघा असत, आणि गणिताची उत्तरे समासात. मला एकदा नापास झालेल्या मुलाचे इतिहासाचे पुस्तक आले. त्यात एलिझाबेथ राणीला मिशा काढलेल्या होत्या आणि पानिपतच्या धड्यावर वरणाचा डाग होता. त्या डागामुळे तो धडा मला अजून पाठ आहे. आतल्या पानावर चार नावे एकाखाली एक, तीन खोडलेली. चौथे माझे. वर्षअखेरीस तेही खोडले जाई आणि निम्म्यातले निम्मे पैसे परत हातात येत. 'बालभारती' १९६७ साली सुरू झाली, तिची पुस्तके तर वर्षानुवर्षे तीच असत. एकेका घरात एकच संच चार-चार भावंडांना पुरून उरे.

आता आमचा नातू. तो गावातल्या एका इंग्रजी शाळेत जातो. शाळेचे नाव सांगत नाही. तशा शाळा प्रत्येक गावात आहेत आणि उगाच बाकीच्यांना वाईट वाटेल. गेल्या वर्षी तो तिसरीत होता. पुस्तकांचा संच साडेचार हजारांचा. मुलगा चांगल्या वळणाचा, पुस्तके जवळपास कोरी. (अभ्यासाच्या दृष्टीने हे चिंताजनक आहे, पण तो वेगळा विषय.) आमच्या इस्त्रीवाल्याची मुलगी त्याच शाळेत एक वर्ग मागे. पंचवीस टक्के राखीव जागांतून तिचा नंबर लागलेला. कायद्याप्रमाणे अशा मुलांना पुस्तकेही फुकट मिळायला हवीत. पण कायदा कधी कपडे इस्त्रीला टाकत नसल्यामुळे त्याची आणि आमच्या इस्त्रीवाल्याची ओळख झालेली नाही. त्याला दुकानाचे नाव घातलेली यादी तेवढी मिळाली.

मी नातवाचा संच बांधून त्याच्या ठेल्यावर नेऊन दिला. चार दिवसांनी तो संच परत घेऊन आला.

"नाही चालत म्हंते साहेब. बाई म्हंते, नवीन एडिशन पाह्यजे. पोरगी रडून रायली. तिलेच वर्गात उभं केलं."

आता मात्र माझे डोके तापले, आणि ते कूलरने उतरण्यासारखे नव्हते. मी त्या यादीतल्या दुकानात गेलो, नव्या आवृत्तीतले इंग्रजीचे एक पुस्तक पदरच्या पैशांनी आणले आणि रात्री जेवण झाल्यावर दोन्ही शेजारी ठेवून पानोपान ताडून पाहिले. बँकेत लेजर तपासायचो तसे. निष्पन्न झाले ते असे: मुखपृष्ठावर पोपट होता, तिथे मोर आला आहे. प्रस्तावनेचे एक पान वाढले आहे, त्यामुळे पुढची सगळी पाने एकेकाने सरकली आहेत. सातव्या धड्यातला चौथा प्रश्न पाचवा झाला आहे आणि पाचवा चौथा. एका गोष्टीतल्या मुलाचे नाव बदलले आहे, स्वभाव तोच आहे. झाली नवी आवृत्ती! एवढ्यासाठी साडेचार हजारांचा संच रद्दीत, आणि रद्दीत त्याचे वजन भरते चार किलो.

हे चुकून होते असे मला वाटत नाही. जुने पुस्तक दुसऱ्याच्या हातात गेले की नव्याचे एक गिऱ्हाईक कमी होते, हे समजायला फार शिक्षण लागत नाही. म्हणून पुस्तकातच गाळलेल्या जागा भरायला लावतात, चिकटवायची चित्रे देतात, कापायची पाने देतात. एकदा भरले, चिकटवले, कापले, की पुस्तक मेले. सरकारने हे हेतूने केले असे मी म्हणत नाही, पण २०२३ साली दप्तराचे ओझे कमी व्हावे म्हणून सरकारी पाठ्यपुस्तकांतच वहीची कोरी पाने शिवली. मुलांनी पुस्तकेही नेली आणि वह्याही नेल्या. २०२५ च्या सुरुवातीला ती पाने काढून टाकायचे ठरले. मधल्या काळात ज्यांनी पुस्तकात लिहिले त्यांची पुस्तके धाकट्या भावाच्या कामाची उरली नाहीत.

पण शाळेच्या आणि छापणाऱ्यांच्या नावाने मी कितीही बोटे मोडली, तरी पालकांच्या सभेत काय झाले ते सांगितलेच पाहिजे. मी उभा राहून विचारले, "मागच्या वर्षीची पुस्तके का चालत नाहीत?" मुख्याध्यापिकाबाई उत्तर द्यायच्या आतच मागून एक पालक म्हणाले, "काका, आम्ही एवढी फी भरतो, आमच्या मुलांनी दुसऱ्याची उष्टी पुस्तकं वापरायची का?" सभेत टाळ्या पडल्या. त्या गृहस्थांना मी ओळखतो. सर्टिफाइड प्री-ओन्डवाले तेच.

बाईंना उत्तर द्यायची गरजच उरली नाही. दुकानदाराला काही करावे लागले नाही. ज्या लाजेपायी आमची ही कूलरला कंपनीच्या सूचना चिकटवते, तीच लाज तिथे टाळ्या वाजवत होती, आणि त्या टाळ्यांचे बिल इस्त्रीवाल्याच्या नावे निघाले. साडेचार हजार म्हणजे त्याचे किती शर्ट होतात याचा हिशेब मी तिथेच बसून केला. सात रुपये नग. करून पाहा.

घरी आलो तो काही न बोलता नातवाचे जुने पुस्तक उघडले आणि नव्यावरून पेन्सिलीने पानांचे आकडे बदलायला बसलो. बाराचे तेरा, तेराचे चौदा. सातव्या धड्यात चौथ्याचा पाचवा केला. मुलाचे नाव बदलले. बाकीच्या विषयांची नवी पुस्तके नातवाच्या एका मित्राच्या धाकट्या बहिणीकडून दोन-दोन दिवस मागून आणली. सगळ्यांना खाकी कव्हर घातल्यामुळे पोपट आणि मोर दोन्ही झाकले गेले. आमची ही कूलरसमोर बसून हे पाहत होती. तिसऱ्या रात्री ती उठली, चष्मा लावला आणि म्हणाली, "गणिताचं इकडे द्या. तुमचा सात एकासारखा दिसतो."

मुलगी तो संच घेऊन शाळेत गेली. दिवाळीपर्यंत कोणाच्या काही लक्षात आले नाही. दिवाळीनंतर एक दिवस वर्गशिक्षिकाबाईंनी तिचे पुस्तक हातात घेऊन कव्हर काढले, पाने उलटली आणि विचारले, हे आकडे कोणी घातले? पोरीने घाबरून आमचा पत्ता सांगितला. संध्याकाळी बाई स्वतः दारात हजर. मी भांडायच्या तयारीने बाहेर आलो. बाईंनी आधी रस्त्यावर दोन्ही बाजूंना पाहिले, मग पिशवीतून एक जुना संच काढला.

"भाचीचा आहे," त्या हळूच म्हणाल्या. "चौथीचा. जमेल का? आणि सर, शाळेत कुणाला सांगू नका."

संच टेबलावर पडला आहे. पेन्सिल मात्र आता बोटभरच उरली आहे.